क्लाइंब की कन्व्हेन्शनल? जुन्या मॅन्युअल मिलिंगवर कट कुठल्या बाजूने घ्यावा

हँडलवाला
मंडळी, जरा सविस्तर विचारतो. माझ्याकडे नी-टाइप (टेबल वर-खाली होणारं) व्हर्टिकल मिलिंग मशीन आहे. साधा अ‍ॅक्मे स्क्रू, हाताने फीड. एक्सच्या हँडलला साधारण ०.४ मिमी प्ले (मोकळी चाल) आहे. सध्या एसएस (स्टेनलेस स्टील) ३०४ च्या १२ मिमी जाड पट्ट्यांच्या कडा मारतोय. कटर १० मिमीचा, चार फ्लूटचा (चार दातांचा) सॉलिड कार्बाइड एंडमिल.

शिकताना एकच गोष्ट डोक्यात बसवली होती: मॅन्युअल मशीनवर कायम कन्व्हेन्शनल (कटरचा दात आणि जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, समोरासमोर), क्लाइंबच्या (दोघे एकाच दिशेने) वाटेला जायचं नाही. त्याप्रमाणे चालू आहे. पण कट घेताना कटर किंचाळतो, कडेवर मध्येच आरशासारखा चकचकीत पट्टा येतो, त्याच्या शेजारी ओरखडे, आणि धार फार लवकर बसते. व्हिडिओत बघावं तर सगळे क्लाइंब क्लाइंब करतात. आता ऐकू कुणाचं?

जी४१
क्लाइंब. विषय संपला.

सीएनसीवर आम्ही कन्व्हेन्शनल जवळपास वापरतच नाही. तुमच्या कन्व्हेन्शनल कटमध्ये दात जॉबला लागतो तेव्हा चिपची जाडी शून्य असते. कार्बाइडची धार कितीही चांगली असली तरी टोकाला बारीक गोलाई असतेच. त्या गोलाईपेक्षा चिप पातळ असेपर्यंत दात कापत नाही, नुसता घासतो. घासला की तापतो, आणि ३०४ घासलं की वरचा थर कडक होतो. मग पुढचा दात त्या कडक थरावरच येऊन घासतो. चकचकीत पट्टा म्हणताय ना, तो फिनिश नाही, ती घासल्याची खूण आहे.

क्लाइंबमध्ये दात जाड बाजूने शिरतो आणि पातळ होत बाहेर पडतो. शिरल्या क्षणापासून कापतो आणि उष्णता चिपबरोबर निघून जाते.

टेबललॉक
@जी४१, विषय संपला नाही, आत्ता कुठे सुरू झालाय. तुमच्या मशीनला प्रीलोड केलेला बॉलस्क्रू (गोळ्यांवर चालणारा, प्ले जवळपास नसलेला) आहे, यांच्याकडे झिजलेला अ‍ॅक्मे. धातूबद्दल तुम्ही सांगितलं ते सगळं खरं आहे, पण टेबल कोण धरून ठेवणार?

हँडलवाला, मशीनच्या आत काय घडतं ते बघा. तुम्ही हँडल फिरवता तेव्हा स्क्रूच्या आट्याची एक बाजू नटाला ढकलते. दुसऱ्या बाजूला जी मोकळी जागा उरते, तीच तुमची ०.४ मिमी. कन्व्हेन्शनलमध्ये कटर टेबलला फीडच्या उलट रेटतो, त्यामुळे आटा कायम त्याच बाजूला दाबलेला राहतो आणि मोकळी जागा कधी वापरलीच जात नाही. क्लाइंबमध्ये कटर टेबलला फीडच्याच दिशेने ओढतो. ती ओढ घर्षणापेक्षा जास्त झाली की टेबल तुमच्या हँडलची वाट न बघता ती मोकळी जागा ओलांडून पुढे उडी मारतं.

आता हिशेब. दाताला फीड ०.०५ मिमी धरा. टेबलने ०.४ ची उडी घेतली तर एखाद्या दातासमोर एकदम ०.४५ मिमी येऊ शकतं, म्हणजे नऊपट. १० मिमीचा कार्बाइड तिथेच तुटतो. नाही तुटला तर जॉब व्हाइसमधून निघतो. शिकवणाऱ्यांनी नियम दिला तो यासाठी. तुम्हाला नियम दिला गेला, कारण राहिलं, एवढंच.

आडवं मशीन
टेबललॉकशी सहमत. मी जन्मभर हॉरिझॉन्टल मिलिंग चालवलं, तिथे हे आणखी उघडं दिसतं. आर्बरवरचा (कटर बसवायच्या आडव्या दांड्यावरचा) स्लॅब कटर कन्व्हेन्शनलला जॉब उचलायला बघतो, क्लाइंबला टेबलवर दाबतो. पातळ पट्टी धरायची असेल तर दाबणारा कट बरा वाटतो. पण प्ले असेल तर तोच कटर मोकळ्या चाकासारखा जॉबवर चढून पुढे धावतो. आर्बर वाकलेला पाहिला आहे. म्हणून आमच्याकडे ज्या मशीनला बॅकलॅश एलिमिनेटर (प्ले घालवणारी जोडणी) होता त्याच्यावरच डाउन मिलिंग (म्हणजे क्लाइंब) करायची परवानगी होती, बाकीच्यांवर नाही.

आणि ते "कन्व्हेन्शनल वापरतच नाही" वगैरे ठीक आहे, पण वाळूतलं कास्टिंग किंवा गॅस कटिंगची कड आली की काय करता? क्लाइंबला प्रत्येक दात वरून त्या टणक कातडीवर आपटत आत शिरतो. कन्व्हेन्शनलला दात खालच्या स्वच्छ धातूतून येतो आणि कातडी आतून उचकटतो. पहिला कट कन्व्हेन्शनल, पुढचे तुम्हाला हवे तसे.

जी४१
काका, कास्टिंगचं मान्य. हॉट रोल्डच्या काळ्या स्केलवरही पहिला पास कधी कधी उलटा ठेवतो. पण इन्सर्टचा (बदलता येणाऱ्या कार्बाइड तुकड्यांचा) कटर असेल आणि कट स्केलच्या पुरेसा खालून जात असेल तर क्लाइंबही चालून जातं.

उलट बाजूही सांगतो. कार्बाइडला जाड चिपवरून बाहेर पडणं सोसत नाही. कन्व्हेन्शनलला दात सगळ्यात जाड जागी एकदम सुटतो, ताण अचानक जातो आणि धारेचे टवके उडतात. एचएसएस (हायस्पीड स्टील) हे सहन करतं.

हँडलवाला
धन्यवाद सगळ्यांना. एक बाळबोध प्रश्न: मशीनसमोर उभं राहिल्यावर माझा कट क्लाइंब आहे की कन्व्हेन्शनल हे झटकन कसं ओळखायचं? कटर जागेवर, टेबल हलतं, त्यात वाय एक्सिसला हँडल उलटं की सुलटं... दर वेळी गोंधळ होतो.

व्हर्नियर
बाळबोध अजिबात नाही, अनुभवी लोकही इथे अडखळतात.

कटर जॉबला जिथे शिवतो तिथे बघा. त्या ठिकाणी दात ज्या दिशेने जातोय त्याच दिशेने जॉबही सरकत असेल तर क्लाइंब. समोरासमोर येत असतील तर कन्व्हेन्शनल. स्पिंडल बंद ठेवून कटर बोटाने फिरवून पाहिला तरी चालेल (धार जपून).

टेबल स्थिर आणि कटरच चालतोय अशी कल्पना करता येत असेल तर आणखी सोपं. वरून बघता स्पिंडल घड्याळाच्या दिशेने फिरत असेल, म्हणजे सीएनसीच्या भाषेत नेहमीचं एम०३, तर कटर जाण्याच्या दिशेला तोंड करून उभे राहा. जॉब उजव्या हाताला असेल तर क्लाइंब, डाव्या हाताला असेल तर कन्व्हेन्शनल. म्हणून बाहेरची कड घड्याळाच्या दिशेने फिरत घेतली की क्लाइंब होतं, आणि पॉकेटची आतली भिंत मात्र घड्याळाच्या उलट फिरत घ्यावी लागते.

चिपाही सांगतात. क्लाइंबला त्या कटरच्या मागे, कापून झालेल्या बाजूला पडतात. कन्व्हेन्शनलला पुढे, अजून कापायच्या जागेत येतात आणि पुन्हा कटरखाली चिरडल्या जातात. अ‍ॅल्युमिनियममध्ये हा त्रास फार होतो, चिरडलेली चिप धारेला चिकटते आणि मग सगळा पृष्ठभाग फाटल्यासारखा दिसतो.

शून्य शून्य एक
सगळे क्लाइंब विरुद्ध कन्व्हेन्शनल करत बसलेत, पण हँडलवाल्यांच्या कटरचा फीड कुणी विचारला का? माझ्या मते खरं दुखणं तिथे आहे.

१० मिमी कार्बाइड, ३०४. कटिंग स्पीड मिनिटाला ६० मीटर धरला तर आरपीएम होतो सुमारे १९००. चार दात, दाताला ०.०५ मिमी, म्हणजे फीड मिनिटाला ३८० मिमी. स्क्रूचा लीड (एका फेरीत टेबल सरकतं ते अंतर) ५ मिमी असेल तर हँडल मिनिटाला ७६ वेळा फिरवायला हवं, म्हणजे सेकंदाला एका फेरीपेक्षा जास्त, तेही एकसारखं. हाताने कुणी असं फिरवतं का? आपण भीत भीत त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाने फिरवतो. दाताला मग ०.०१ च्या आसपास मिळतं, आणि त्या मापात कार्बाइडची धार घासते. कन्व्हेन्शनलला तर घासतेच, क्लाइंबलाही घासेल.

त्यात कडेचा शेवटचा हलका कट घेतला की चिप आणखी पातळ होते. कटरच्या व्यासाच्या निम्म्यापेक्षा कमी रुंदीत कट असेल तर चिपची सर्वात जास्त जाडीसुद्धा फीडपेक्षा कमीच राहते. १० मिमी कटर आणि १ मिमी कट: जाडी फीडच्या ०.६ पट. तोच कटर आणि ०.२ मिमी कट: जेमतेम ०.२८ पट. म्हणजे ०.०५ फीड देऊनही चिप ०.०१४. "फिनिशिंग आहे, हळू फिरवतो" या सवयीने एसएसमध्ये फिनिश बिघडतो तो असा.

माझा सल्ला: या कामाला कार्बाइड बाजूला ठेवा. कोबाल्ट एचएसएस घ्या, स्पीड २० मीटरवर आणा, आरपीएम ६४० च्या आसपास. दोन फ्लूटचा घेतलात तर ०.०५ ने फीड येतो ६४ मिमी, म्हणजे मिनिटाला तेराएक फेऱ्या. चार फ्लूटला त्याच्या दुप्पट. हे हाताला जमतं. एचएसएसची धार कार्बाइडपेक्षा तीक्ष्ण असते, त्यामुळे पातळ चिपही ती कापते. कुलंट भरपूर, आणि कट चालू असताना मध्ये थांबायचं नाही. कटर एका जागी फिरत राहिला की तिथे कडक डाग पडलाच म्हणून समजा.

हँडलवाला
हे कुणीच सांगितलं नव्हतं. मी तर चकचकीत पट्टा आला की फीड अजून कमी करत होतो.

टेबललॉक
शून्य शून्य एक यांचा हिशेब चोख आहे. आता मूळ प्रश्नावर.

आधी तो ०.४ नीट मोजा. हँडलच्या रिंगवर दिसतो त्यात दोन प्ले मिसळलेले असतात: स्क्रू आणि नटमधला एक, आणि स्क्रूच्या टोकाच्या थ्रस्ट बेअरिंगचा दुसरा. टेबलच्या टोकाला डायल गेज लावा, हँडल स्थिर धरायला कुणाला तरी सांगा आणि टेबल हाताने ढकला-ओढा. मग दुसरा डायल स्क्रूच्या टोकावर लावून स्क्रू स्वतः मागे-पुढे सरकतो का ते पाहा. सरकत असेल तर तेवढा भाग बेअरिंगचा नट घट्ट करून जातो, आणि हे काम सोपं आहे. उरलेला नटाचा. नट चिरलेला, अ‍ॅडजस्टेबल असेल तर आवळता येतो, पण जपून. स्क्रू मधल्या भागात जास्त झिजलेला असतो. मधल्या भागाच्या मापाने नट आवळलात तर टेबल टोकांना जाम होईल. टोकाला फिरेल इतपतच आवळायचा आणि मधला थोडा प्ले गृहीत धरायचा.

एवढं झाल्यावर रफिंग कन्व्हेन्शनलने करा आणि शेवटचा ०.१ ते ०.२ मिमीचा कट क्लाइंबने घ्या. हलक्या कटला ओढ इतकी कमी असते की टेबलचं घर्षण ती सहज पेलतं. टेबलचा लॉक थोडासा आवळून हँडल किंचित जड करा. न वापरलेले एक्सिस पूर्ण लॉक.

आडवं मशीन
लॉक अर्धवट आवळून टेबल चालवायचं मला पटत नाही. जिब (स्लाइडमधली सैल जागा भरणारी पट्टी) आणि स्लाइड त्या एका जागी खाल्ली जाते. जिबच नीट सेट करा की.

टेबललॉक
काका, रोज दिवसभर केलं तर खाल्ली जाईलच. फिनिशिंगच्या एका पासला, स्लाइडला तेल असताना, मी खुशाल करतो. जिब आधी सेट करायचा हे मात्र बरोबर, सैल जिबवर लॉकचा उपयोगही होत नाही.

व्हर्नियर
साइझबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. एंडमिल वाकतो, आणि कुठे वाकतो ते कटच्या दिशेवर ठरतं. निम्म्या व्यासाएवढा कट असताना क्लाइंबमध्ये कटर जॉबपासून लांब ढकलला जातो, जॉब थोडा जाड राहतो. तेवढ्याच कटला कन्व्हेन्शनलमध्ये जोर मुख्यतः फीडच्या रेषेत मागे जातो आणि थोडा जॉबच्या आत, त्यामुळे कटर भिंतीत ओढला जाऊन साइझ खाली जाऊ शकतो. मॅन्युअलवाल्यांनी कन्व्हेन्शनल रफिंग करताना फिनिशिंगला माल जरा मोकळ्या हाताने ठेवावा तो यासाठी. ०.१ ठेवायचा म्हणून ०.१ ठेवला आणि कटरने आधीच ०.०८ खाल्लेला असेल तर पुढे काय कापणार?

जी४१
+१. आणि हेच उलटं वापरताही येतं. लांब निघालेला बारीक कटर, उंच भिंत, क्लाइंबला वरून बरोबर आणि खाली जाड येते. तिथे फिनिशिंगचा एखादा पास कन्व्हेन्शनल टाकला तर कधी कधी भिंत जास्त सरळ मिळते. घ्या, माझ्याच "वापरतच नाही"ला अपवाद दिला. पण फिनिश क्लाइंबइतका येत नाही, आणि एसएसला मी हे करणार नाही.

चॅटर
मध्येच घुसतो. स्लॉट मारताना काय? दोन्ही बाजूंना भिंत आहे.

व्हर्नियर
कटरच्याच मापाचा स्लॉट एका पासात मारलात तर एक भिंत क्लाइंब आणि दुसरी कन्व्हेन्शनल होते, पर्यायच नाही. दोन भिंतींचा फिनिश वेगळा येतो आणि कटर एका अंगाला वाकल्यामुळे स्लॉट तिरका किंवा मोठा होतो. माप महत्त्वाचं असेल तर १० च्या स्लॉटला ८ किंवा ९ चा कटर घ्या, मधून रफ करा आणि मग दोन्ही भिंती वेगवेगळ्या क्लाइंबने घ्या. की-वे (चावी बसवायची खाच) असेल तर हे कराच.

चॅटर
आणि फेस मिल (वरचा सपाट पृष्ठभाग मारायचा मोठा कटर)?

शून्य शून्य एक
फेस मिल जॉबच्या बरोबर मधोमध ठेवू नका, एका बाजूला थोडा सरकवा म्हणजे दात बाहेर पडताना चिप पातळ असेल. कट व्यासाच्या साधारण दोन तृतीयांश रुंदीचा ठेवला की बहुतेक ठिकाणी ठीक. मॅन्युअलवर मात्र मधोमधच्या जवळ राहिलात तर टेबलची ओढ कमी राहते, म्हणजे इथेही प्ले किती यावरच आलं.

हँडलवाला
अपडेट. थ्रस्ट बेअरिंगचा नट खरंच सैल होता. आवळल्यावर एक्सचा प्ले ०.१५ वर आला. नट चिरलेला नाही, त्यामुळे त्याला हात लावला नाही. कोबाल्टचा दोन फ्लूट लावला, आरपीएम ६३० (गिअरमध्ये तेच मिळतं), कन्व्हेन्शनलने रफ आणि ०.१५ चा शेवटचा पास क्लाइंबने, लॉक किंचित आवळून. किंचाळणं बंद. चकचकीत पट्टा गेला, कडा एकसारख्या राखाडी येतायत. माप ०.०२ मध्ये.

फक्त क्लाइंबच्या पासला कटर जॉबमध्ये शिरताना, पहिल्या दोन-तीन मिलिमीटरला, टेबल हलकेच खेचलं गेल्यासारखं वाटतं. तिथे कडेवर बारीक खूणही येते.

टेबललॉक
तिथे आटा अजून बरोबर बाजूला टेकलेला नसतो, किंवा तुमचा हात थबकतो. कट सुरू व्हायच्या बऱ्याच आधीपासून हँडल त्याच दिशेने फिरवत या, मध्ये मागे घेऊ नका. जॉबला शिवल्यावर वेग बदलू नका. तरी खूण राहिली तर लॉक अजून जरासा. शक्य असेल तर तेवढाच जाड एक तुकडा जॉबला खेटून व्हाइसमध्ये धरा. कटर आधी त्यात शिरेल, खूण त्याच्यावर पडेल.

चॅटर
माझ्या मशीनला पॉवर फीड आणि डीआरओ (टेबलची जागा दाखवणारा डिजिटल रीडआउट) आहे. मग मला रफिंगही क्लाइंबने चालेल ना?

टेबललॉक
नाही. पॉवर फीडची मोटर तोच स्क्रू फिरवते, आट्यातली जागा तेवढीच राहते. फायदा इतकाच की फीड एकसारखा येतो, हात थबकत नाही. डीआरओ टेबलची जागा खरी दाखवतो, म्हणून मापासाठी तुम्हाला प्लेची चिंता कमी, पण टेबल उडालं तर डीआरओ फक्त उडाल्याचा आकडा दाखवेल. तुमचा प्ले किती आहे?

चॅटर
०.२५ च्या आसपास, बेअरिंग आवळून. अ‍ॅल्युमिनियमच करतो बहुतेक.

टेबललॉक
मग रफिंग कन्व्हेन्शनल, चिपा एअरने किंवा ब्रशने सतत काढत राहा नाहीतर धारेला चिकटतील. ब्रश दात जिथून जॉबबाहेर पडतात त्या बाजूने, दात जिथून जॉबमध्ये शिरतात त्या बाजूने कधीच नाही, हात तर नाहीच. शेवटचा पास ०.२ पर्यंत क्लाइंब.

जी४१
आणि कधी सीएनसीवर आलात तर कॅममध्ये (कटरचा मार्ग बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) "दोन्ही दिशांनी" हा पर्याय निवडलेला आहे का ते बघून घ्या. वेळ वाचतो म्हणून लोक ठेवतात. मग एक ओळ क्लाइंब, पुढची कन्व्हेन्शनल, आणि भिंतीवर पट्टे का आले म्हणून इथे नवा धागा काढतात.

हँडलवाला
तुकडा खेटून धरायची युक्ती चालली, खूण तुकड्यावर गेली. उरलेल्या पट्ट्या याच पद्धतीने करतोय.